हिराबाई पेडणेकर : नाटकाला टाळ्या, लेखिकेला उपेक्षा

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतल’ने १८८० मध्ये मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला. त्यानंतरची तीन दशके या रंगभूमीवर पुरुषांचेच वर्चस्व राहिले. बहुतेक व्यावसायिक मंडळ्यांत स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. अशा काळात, १९१२ मध्ये, केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’ मंडळीने ‘संगीत दामिनी’ हे नाटक सादर केले. ते एका स्त्रीने लिहिले होते. हिराबाई पेडणेकर हे तिचे नाव.

हिराबाईंचा जन्म १८८५ मध्ये सावंतवाडीत, नायकिणींच्या घराण्यात झाला. त्या मुंबईत मावशीकडे वाढल्या. तेथे त्यांनी शालेय शिक्षणाबरोबर गायनाचीही तालीम घेतली. महाभारतातील जयद्रथाच्या कथेवरचे ‘जयद्रथ विडंबन’ हे त्यांचे पहिले नाटक १९०४ मधील. तेव्हा त्या विशीच्या आतच होत्या.

संगीत नाटक लिहिणाऱ्याला केवळ संवाद लिहून भागत नाही. नाटकातील पदेही बहुधा त्यालाच रचावी लागतात. प्रसंगाचा भाव, चालीची लय आणि गायक नटाचा दमसास या तिन्हींचा मेळ पदात साधावा लागतो. हिराबाईंना गाण्याचे अंग असल्याने ही वाट त्यांना परकी नव्हती. त्यांच्यापूर्वीही काही स्त्रियांनी नाटके लिहिली होती. मात्र नामांकित व्यावसायिक मंडळीने आपले नाटक रंगभूमीवर आणावे, हे भाग्य ‘दामिनी’मुळे हिराबाईंना लाभले. मराठीतील आद्य स्त्री नाटककार ही त्यांची ओळख त्यातूनच रूढ झाली.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखे ज्येष्ठ नाटककार त्यांचे मार्गदर्शक होते. त्या काळातील अनेक नामवंत साहित्यिकांशी त्यांचा परिचय होता. हिराबाईंच्या बुद्धीचे आणि रसिकतेचे या वर्तुळात कौतुक होई. परंतु जन्माने चिकटलेला शिक्का त्या कौतुकाने पुसला गेला नाही. लेखिका म्हणून मान देणारा समाज कुलीन स्त्रीची प्रतिष्ठा त्यांना देण्यास तयार नव्हता.

‘दामिनी’नंतर त्यांचे नवे नाटक रंगभूमीवर आले नाही. पुढे मुंबई सोडून त्या कोकणात, गुहागरजवळच्या पालशेत येथे कृष्णाजी नारायण नेने यांच्या आश्रयाने राहिल्या आणि १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

हिराबाईंच्या जीवनावर आधारलेले वसंत कानेटकर यांचे ‘कस्तुरीमृग’ हे नाटक १९७६ मध्ये आले. ज्या रंगभूमीवरून त्या लेखिका म्हणून दिसेनाशा झाल्या, तिथेच सहा दशकांनी त्या नाटकाची नायिका होऊन परतल्या.