टॉप बॉक्स घेताय? आधी किलो बघा, मग लिटर

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी, आणि गॅरेजमध्ये उभं राहून मोबाईलवर वाचणाऱ्यांसाठी.)

पावसाळा सरत आला की आपल्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागतो. "दादा, दिवाळीत लांबची राईड आहे, ४५ लिटरचा टॉप बॉक्स घेऊ की ५५ चा?"

प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: तुमच्या गाडीचा मागचा रॅक किती किलो झेलतो? लिटर म्हणजे जागा, आणि जागा दिसली की आपण ती भरतोच. त्यात हायवेवर ऐंशीच्या स्पीडला बॉक्स सुटला, तर तो आपल्या अंगावर येत नाही. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या समोर पडतो. म्हणून आज जरा नीट बोलू.

बॉक्स नेमका कुठे बसतो?

गाडीकडे बाजूने बघा. तुमची सीट दोन चाकांच्या मध्ये आहे. मागे बसणाऱ्याचं वजनही बहुतेक मागच्या एक्सलच्या थोडं पुढेच येतं. टॉप बॉक्स मात्र एक्सलच्याही मागे आणि वर उंच असतो. म्हणजे सी-सॉ झाला. मागे वजन ठेवलं की पुढचं टोक हलकं होतं.

सोपा हिशेब करू. हिमालयन ४५० चा व्हीलबेस १५१० मिलिमीटर आहे, आपण दीड मीटर धरू. बॉक्स आणि सामान मिळून १५ किलो, आणि त्याचा मध्य एक्सलच्या ३० सेंटीमीटर मागे. अशा वेळी मागच्या चाकावर १५ नाही, १८ किलो वाढतात. आणि पुढच्या चाकावरचे ३ किलो कमी होतात.

तुम्ही म्हणाल, तीन किलोंनी काय होतंय? उभ्या गाडीत काही नाही. पण घाटात चढ लागला, ॲक्सिलरेटर पिळला, की वजन आणखी मागे सरकतं. आधीच हलकं झालेलं हँडल जास्तच हलकं लागतं. आणि प्रश्न फक्त किलोंचा नाही, अंतराचाही आहे. भरलेली कळशी कमरेवर घेऊन माणूस आरामात चालतो. तीच हात लांब करून धरली तर चार पावलांत तोल जातो. कळशी तीच, पाणी तेवढंच. लांब आणि उंच लटकलेला बॉक्स खड्ड्यानंतर, किंवा बाजूने ट्रक गेल्यावर, गाडीला शेपटासारखा हलवतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. तिथे आडवा वारा लागला की मोठा चौकोनी बॉक्स काय करतो ते लगेच कळतं.

तीन आकडे, आणि त्यातला सगळ्यात छोटा तुमचा

टॉप बॉक्स म्हणजे एक वस्तू नाही, तीन आहेत. गाडीला बसतो तो रॅक, रॅकवर बसते ती बेस प्लेट, आणि प्लेटवर खटकन बसतो तो बॉक्स. बजेट करताना तिन्ही धरा, कारण बरेच जण फक्त बॉक्सची किंमत बघतात आणि मग रॅकच्या जागी जुगाड येतो.

प्रत्येकाची वजनाची मर्यादा वेगळी असते. रॅकची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा रॅकवरच्या स्टिकरवर असते. बॉक्सची मर्यादा बहुतेक वेळा झाकणाच्या आत छापलेली असते. ऐकून धक्का बसेल, पण मोठमोठ्या बॉक्सवरही अनेकदा १० किलोच लिहिलेलं असतं.

आता समजा, रॅकची मर्यादा आहे ७ किलो. रिकामा बॉक्स साडेचार किलोचा, प्लेट एक किलोची. साडेपाच किलो तर सामान ठेवायच्या आधीच संपले. उरले दीड किलो. म्हणजे एक रेनकोट आणि चपला! ५५ लिटरची जागा आणि दीड किलोचा अधिकार. अशा वेळी लिटर वाढवून उपयोग नाही, रॅक बदलावा लागतो. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, सबफ्रेमच्या मूळ बोल्टवर बसणारा रॅक घ्या. वेल्डिंगवाल्याकडून पट्टी जोडून घेतलेला रॅक उभ्या गाडीत मजबूत वाटतो, पण सततच्या थरथरीत तडा बहुतेक वेल्डपाशीच सुरू होतो. आणि सबफ्रेमलाच तडा गेला, तर तो खर्च बॉक्सपेक्षा कितीतरी मोठा असतो.

अजून एक. प्लेट आणि बॉक्स एकाच सिस्टीमचे हवेत. इटलीच्या गिवीचंच उदाहरण घ्या. जुझेप्पे विसेंझी या माजी रेसरनं १९७८ मध्ये ही कंपनी काढली, नावही त्याच्या आद्याक्षरांवरून आलं. त्यांच्याकडे हलक्या वापरासाठी मोनोलॉक आणि मोठ्या बॉक्ससाठी मोनोकी अशा दोन सिस्टीम आहेत. एकाचा बॉक्स दुसऱ्याच्या प्लेटवर बसत नाही. सेकंडहँड घेताना इथेच लोक फसतात.

आता लिटर

एक फुल-फेस हेल्मेट ठेवायला साधारण ३० लिटर लागतात. दोन ठेवायची तर ४५ च्या पुढे जावं लागतं. पण आकड्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःचं हेल्मेट घेऊन दुकानात जा. पुढे चोच असलेलं ॲडव्हेंचर हेल्मेट असेल तर ४५ लिटरच्या बॉक्सचंही झाकण अडू शकतं.

एकटे फिरत असाल, तर ३० ते ४० लिटर भरपूर झाले. जोडीनं फिरत असाल तर थोडा मोठा घ्या, आणि त्यावर पाठीचं पॅड बसतं का ते बघा. मागे बसणाऱ्याला दिवसभरात त्या पॅडचाच आधार असतो.

प्लास्टिक की ॲल्युमिनियम? चांगलं प्लास्टिक हलकं असतं, गाडी पडली तर थोडं वाकून परत येतं, पण जास्त मार बसला तर तडकतं. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो ठोकून काढता येतो, आकार चौकोनी म्हणून सामान नीट बसतं. पण ते बहुधा जड असतं, आणि वर सांगितलेल्या हिशेबात प्रत्येक किलो मोजला जातो. रॅकची मर्यादा कमी असेल तर मी प्लास्टिकच सुचवेन. दोन्हींत झाकणाची रबरी पट्टी तपासा. आणि कोकणातला पाऊस असेल तर कितीही भारी बॉक्स असो, आत कपडे प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा.

फिटिंग: घाई इथे नको

गॅरेजमध्ये करून घ्या किंवा घरी, क्रम असा ठेवा.

१. सगळे बोल्ट आधी हातानं, दोन-तीन आटे फिरवून लावा. एकही पूर्ण आवळू नका. रॅक सरळ बसला की मग पाना घ्या आणि आलटून पालटून, समोरासमोरचे बोल्ट आवळा.

२. जोर लावून "अजून एक पिळा" देऊ नका. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा असतो, तोच पाळा. छोट्या बोल्टचे आटे जातात आणि मग तो कायमचा फिरत राहतो.

३. नायलॉक नट आणि रुंद वायसर वापरा. जिथे नट नाही, तिथे निळं थ्रेड लॉकर. गॅरेजमध्ये सगळे त्याला लॉकटाईटच म्हणतात.

४. प्लेट जितकी पुढे घेता येईल तितकी घ्या. पण मागे माणूस बसवून बघा. बॉक्समुळे तो पुढे ढकलला जात असेल तर थोडी मागे सरकवा.

५. सीट अजून निघते का? टेललाईट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट मागून पूर्ण दिसतात का? दहा पावलं मागे जाऊन बघा.

६. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करनं एक रेघ मारा, बोल्टपासून रॅकपर्यंत सलग. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सैल झाला. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासा.

शेवटची परीक्षा: बॉक्स दोन्ही हातांनी धरून हलवा. गाडी सोबत हलली पाहिजे. नुसता बॉक्सच डुगडुगत असेल तर तसं निघू नका. आणि दरवेळी बॉक्स लॉक केल्यावर एकदा वर खेचून बघा. "खट" आवाज आला म्हणजे लॉक लागलं, असं नसतं.

भरायचं कसं?

नियम एकच: जड खाली आणि पुढे, हलकं वर आणि मागे. टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, चेन ल्यूब हे सगळं साईड बॅगेत किंवा टँक बॅगेत. टॉप बॉक्समध्ये जॅकेट, रेनकोट, स्लीपिंग बॅग, खाऊ. बॉक्स काळा असेल तर उन्हात आत भट्टी होते, तेव्हा औषधं आणि पॉवर बँक तिथे नको. पाकीट आणि गाडीची कागदपत्रं अंगावरच.

निघायच्या आधी मागच्या टायरची हवा आणि शॉकचा प्रीलोड मॅन्युअलमधल्या भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे करा. मागची बाजू दबली की हेडलाईट वर जाते आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यात मारते, तीही खाली घ्या. आणि गाडीवर चढताना पाय मागून फिरवायची सवय सोडा. बॉक्सला बूट लागून उभ्या गाडीसकट आडवे झालेले रायडर कमी नाहीत.

ट्रिपला निघण्याआधी सगळं भरून घराजवळच एक तास गाडी चालवा. ब्रेक मारा, वळणं घ्या, एखादा चढ चढा. हँडल हलकं वाटलं किंवा मागची बाजू डोलली, तर सामान काढायची जागा घर आहे, आंबा घाट नाही.

तुमच्या गाडीच्या रॅकवर किती किलो लिहिलंय? आज संध्याकाळी बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात साईड बॅगांबद्दल बोलू. तोवर सांभाळून चालवा, भेटूच!