पितळी पातेले आणि बाळाचे यकृत

माळशिरस, अकलूज, नातेपुते या बाजूच्या जुन्या घरांत माळ्यावर अजून पितळी पातेली सापडतात. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बाळाचे दूध त्यांतच तापायचे आणि त्यांतच राहायचे. त्याच काळात एका आजाराची धास्ती होती. लोक त्याला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. एक ते तीन वर्षांचे मूल चिडचिडे व्हायचे, खाणे सोडायचे. पोट वाढायचे, यकृत दगडासारखे कडक लागायचे, पुढे कावीळ आणि पोटात पाणी. बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एकाच घरात दोन-दोन भावंडे गेल्याने लोक घराण्याला, कधी आईच्या दुधाला दोष देत. तो दोष अगदी उलटा होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा मागोवा घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बोट ठेवले ते पितळी भांड्यावर. या मुलांना लहानपणीच गाई-म्हशीचे वरचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळी भांड्यात तापवले, साठवले जात होते. यकृतात तांबे प्रमाणाबाहेर साचलेले होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातले केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. नको असलेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते, पण तान्ह्या बाळाची ही ताकद तोकडी असते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते, म्हणून अंगावर पिणारे बाळ सुरक्षित राहते. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकले की लगेच कळते. दूध सहसा असा इशारा देत नाही. अर्थात असे दूध पिणाऱ्या सगळ्याच बाळांना आजार झाला नाही. काहींच्या अंगातच तांब्याचा निचरा कमी असावा, असे संशोधकांना वाटते.

पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध वेळेत मिळालेली काही मुले वाचली. पण खरे काम केले स्टीलच्या पातेल्याने. नव्वदच्या दशकात हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टिरोल भागातही असेच घडले होते. तिथे १९०० ते १९७४ या काळातल्या १३८ बालकांची नोंद १९९६ साली प्रसिद्ध झाली. कारण तेच, कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळलेले दूध.

आता तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात. शोभेला ठेवावीत, बाळाचे दूध त्यांत तापवू नये.

तांबे साचण्याचा दुसरा आजार, विल्सनचा, मात्र आजही आहे. तो जन्मजात असतो, भांड्याशी त्याचा संबंध नाही, आणि बहुधा पाच वर्षांनंतर दिसू लागतो. एका मुलात तो सापडला की सख्ख्या भावंडांचीही तपासणी करतात, कारण लक्षणे दिसण्याआधी औषध सुरू झाले तर यकृत शाबूत राहू शकते.