मानव-यंत्रमानव परस्परक्रिया

मानव-यंत्रमानव परस्परक्रिया : मनुष्य व यंत्रमानव एकत्र काम करीत असताना त्यांच्यात होणारी संदेश, हालचाल व बल यांची देवाणघेवाण आणि तिचा अभ्यास करणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा. या विषयाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय परिषद २००६ पासून भरू लागली. त्याचे एक मूळ मात्र अणुउद्योगातील दूरहाताळणीत आहे. घाटकोपरच्या दक्षिणेस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी लागणाऱ्या यांत्रिक भुजा तयार करण्यात आल्या आहेत. किरणोत्सर्गी पदार्थ जाड भिंतीआड ठेवतात. बाहेरील चालक शिसेयुक्त काचेतून पाहत प्रमुख भुजा हलवितो व आतील अनुगामी भुजा तीच हालचाल करते. वस्तूचा विरोध चालकाच्या हाताला जाणवला नाही, तर नाजूक पात्र फुटण्याचा संभव असतो. म्हणून भुजेच्या बळाइतकेच चालकाच्या स्पर्शाला, दृष्टीला व थकव्यालाही महत्त्व आहे.

साहजिकच यंत्र अभियांत्रिकी, नियंत्रणशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या जोडीला मानसशास्त्र व औद्योगिक अभिकल्प यांचे ज्ञान लागते. घाटकोपरच्या उत्तरेस पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (स्थापना १९५८) तांत्रिक विभागांबरोबरच १९६९ पासून औद्योगिक अभिकल्पाचे केंद्रही आहे. ट्रॉम्बेच्या केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले. तेथे अभियांत्रिकी पदवीधर व विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र शिकतात. संशोधकाने एका शाखेत प्रावीण्य मिळवून इतर शाखांची परिभाषा आत्मसात करणे इष्ट असते. तथापि यंत्राची अंतिम परीक्षा ते वापरणाऱ्या चालकाच्या हातीच होते.