संघ बांधायचा तर सेंटर हाफपासून

हॉकीचा संघ निवडायला बसलं की पहिलं नाव सेंटर फॉरवर्डचं निघतं. शाळेच्या संघातसुद्धा सगळ्यात चपळ मुलगा आघाडीला जातो आणि उरलेल्यांची मागे वाटणी होते. हे समजण्यासारखं आहे. ध्यानचंद सेंटर फॉरवर्ड होते, आणि खडकीच्या धनराज पिल्ले यांना आपण आघाडीलाच सुसाट धावताना पाहिलं. पण ध्यानचंदांच्या काळात मैदानावर दोन फुलबॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असायचे. त्या पाच जणांना चेंडू पुरवायचा आणि तो हरवला की सर्वांत आधी आडवं यायचं, ही दोन्ही कामं सेंटर हाफची. १९७५ मध्ये क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्यातला अशोक कुमार यांचा विजयी गोल सगळ्यांच्या लक्षात राहिला. संघाचे कर्णधार अजितपाल सिंग सेंटर हाफला खेळत होते, हे फार थोडे सांगतात.

आता फॉरवर्डची जागा ड्रॅग फ्लिकरने घेतली आहे. ‘एक चांगला फ्लिकर मिळाला की संघ तयार,’ असं सर्रास ऐकू येतं. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारताने केलेल्या १५ गोलांपैकी १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे होते, त्यामुळे हे पटतंही. पण फ्लिकर गोल मारतो तो पेनल्टी कॉर्नरवर, आणि तो आधी मिळवावा लागतो. कोणीतरी चेंडू समोरच्याच्या डीमध्ये नेतो, तिथे बचावपटूकडून चूक होते, तेव्हा कुठे फ्लिकरची पाळी येते. मधली फळी दुबळी असेल तर जगातला उत्तम फ्लिकर सामनाभर आपल्याच अर्ध्यात बचाव करत बसतो.

गोलरक्षकाबद्दल मला विशेष आदर आहे. टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला आणि कांस्य राखलं. पॅरिसच्या उपांत्यपूर्व फेरीत अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना दहा जणांनी काढला, १-१ अशी बरोबरी टिकवली आणि शूटआउटमध्ये ब्रिटनला हरवलं. श्रेय श्रीजेशला मिळालं, ते योग्यच. पण एक माणूस कमी असताना त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच कितीतरी चेंडू मधल्या आणि मागच्या फळीने तोडले. चांगल्या गोलरक्षकाशिवाय पदक नाही, हे खरं. तरी चढाई कोणत्या बाजूने आणि किती वेगाने करायची, हे गोलपोस्टमधून ठरत नाही.

ऑफसाइड गेल्यावर सेंटर हाफ कालबाह्य झाला, हा समज मात्र मला सर्वांत घातक वाटतो. घडलं ते उलट. हा नियम १९९० च्या दशकात रद्द झाला आणि फॉरवर्ड थेट समोरच्या डीपाशी उभे राहू लागले. त्यांना धरण्यासाठी बचावपटू मागे थांबले. ९१.४ मीटर लांबीचं मैदान दोन्ही टोकांना ताणलं गेलं आणि मध्ये मोकळी जागा वाढली. ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याचा सामना. नाव आज ‘मिडफिल्डर’ असेल, काम दोघांत वाटलेलं असेल, पण भार तोच आहे, उलट टर्फच्या वेगामुळे वाढलेलाच. फॉरवर्ड दर काही मिनिटांनी बदलून ताजा करता येतो. मधल्या माणसाला वारंवार बाहेर काढलं की संघाची घडीच बिघडते.

म्हणून मुलांचा संघ बांधणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, निवडीच्या दिवशी गोल मोजू नका. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे हे पाहणारा मुलगा शोधा. स्टिकची सपाट बाजू एकच असल्याने डावीकडे पास देणं बहुतेकांना जमतं, उजवीकडे देताना पाय अडखळतात. जो न थांबता उजव्या विंगला चेंडू पोचवतो आणि चेंडू गेला की लगेच मागे धावतो, त्याचं नाव यादीत पहिलं लिहा, मग फॉरवर्ड निवडायला घ्या.