चोराचा माग आणि गावाची हमी

वाटेवरच्या गावी व्यापाऱ्याने रात्रीचा मुक्काम केला आणि पहाटे त्याचा माल नाहीसा झालेला आढळला, तर त्याची भरपाई कोणी करावयाची? आज या प्रश्नाचे उत्तर विमापत्रात शोधावे लागते. मध्ययुगात मात्र उत्तर निश्चित होते: ज्या गावाच्या शिवेत चोरी झाली, त्या गावाने.

याज्ञवल्क्यस्मृतीचा हा दंडक आहे. चोराचा माग गावाबाहेर गेल्याचे दाखविता आले नाही, तर दोष ग्रामप्रमुखाचा. माग दुसऱ्या गावात शिरला, तर भरपाई त्या गावाची. गावांपासून कोसभर दूर चोरी झाली, तर आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून नुकसान भरून द्यावे. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही प्रसिद्ध टीका लिहिली.

हा नियम केवळ पोथीत राहिला नाही. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यातही हीच पद्धत दिसते. गावचा जागल्या चोराच्या पावलांचा माग शिवेपर्यंत काढी आणि पावलाचे माप पुढील गावच्या जागल्याच्या स्वाधीन करी. माप स्वीकारले की जबाबदारीही त्याच्याकडे जाई. माग जेथे थांबे, तेथील जागल्याने चोर किंवा माल हजर करावयाचा. नाही तर भरपाईचा भार प्रथम त्याच्यावर आणि मग गावावर पडे.

तंट्यांचा आणि अनेक गुन्ह्यांचा निवाडा गोतसभेत होई. तेथे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. पेठेचा प्रश्न असल्यास शेटे-महाजनही असत. सुनावणीपूर्वी वादी-प्रतिवादींकडून निवाडा मान्य करण्याचा राजीनामा लिहून घेत आणि जामीन मागत. साक्षी झाल्यावर निर्णयाचा महजर तयार होई. लिहिता न येणारे आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत: कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी. ही निशाणी म्हणजे आयुष्यभराची साक्ष होती. जिंकणाऱ्याकडून हरकी, तर हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई.

व्यापाऱ्यांना यात स्वतंत्र स्थान होते. याज्ञवल्क्याने न्याय देणाऱ्यांची जी उतरंड सांगितली, तीत राजाने नेमलेल्या अधिकाऱ्यांखाली पूग, श्रेणी आणि कुल येतात. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायाच्या लोकांचा संघ. व्यवहारातील तंटा प्रथम व्यवहार जाणणाऱ्यांपुढे जावा, हा विचार त्यामागे होता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पुरावा अपुरा पडल्यास रवादिव्य करवीत: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावयाचा, हात बांधून मोहर करावयाची आणि काही दिवसांनी तो पाहून सत्य ठरवावयाचे. जागल्याचे काम बहुधा रामोशी, महार, भिल्ल यांच्याकडे असे. ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते, त्यांनाच चोरीचा पहिला भुर्दंड बसे. जातीबाहेर टाकण्याची शिक्षा तर संपूर्ण कुटुंबाचे जगणे अशक्य करी. तिची सवय इतकी खोल रुजली, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

शेजाऱ्याच्या नुकसानीला आपण उत्तरदायी आहोत, ही जाणीव त्या काळाची मोठी ठेव आहे. व्यापारी पेठेला तिचे मोल निराळे सांगावयास नको. जो जामीन राहतो, त्याला शेजारची खबर ठेवावीच लागते. मात्र ती हमी सर्वांनी सारखी वाहिली, तरच तिला न्याय म्हणता येईल.