विटांनी बुजविलेल्या खिडक्या

इंग्लंडमधील जुन्या शहरांतून फेरफटका मारणाऱ्या प्रवाशाला एक चमत्कारिक दृश्य वारंवार दिसते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे एखादे भारदस्त घर रस्त्यालगत उभे असते. त्याच्या दर्शनी भिंतीत खिडक्यांच्या सरळ ओळी असतात. पण त्या ओळींत मध्येच एखादी खिडकी आंधळी असते. चौकट आहे, उंबरठा आहे, वरची कमानही आहे. काचेच्या जागी मात्र विटांची भिंत. घर बांधणाऱ्याने हौसेने ठेवलेली खिडकी पुढे कोणी आणि का बुजविली असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडल्यावाचून राहत नाही. या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा गवंड्याकडे नसून सरकारी खजिन्याच्या जमाखर्चात सापडते.

खिडक्यांवर कर बसविण्याची कल्पना निघाली, ती नाण्यांच्या दुखण्यातून. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील चांदीची नाणी अगदी झिजून गेली होती. किंबहुना ती झिजविली गेली होती. जुनी नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली असल्यामुळे त्यांच्या कडा ओबडधोबड असत. लोक कात्रीने त्या कडा हळूच कातरीत, चांदी बाजूला काढीत आणि कातरलेले नाणे पूर्ण किमतीला चालवीत. शेवटी तिसऱ्या विल्यमच्या सरकारने ही नाणी परत घेऊन नवी पाडण्याचे ठरविले. या व्यवहारात खजिन्याला जी खोट आली, ती भरून काढण्यासाठी १६९६ साली खिडकी-कराचा कायदा झाला.

यापूर्वी चुलीवर कर होता. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत, १६६२ साली, प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग द्यावे लागत. पण चुली मोजायच्या म्हणजे सरकारी माणसाने घरात शिरायचे. ही गोष्ट लोकांना इतकी अपमानास्पद वाटली, की १६८९ साली राज्यक्रांतीनंतर तो कर रद्द करावा लागला. खिडक्यांची गोष्ट निराळी होती. त्या रस्त्यावरून मोजता येत. शिवाय ज्याच्या घराला खिडक्या अधिक, त्याची ऐपत अधिक, हा हिशेबही वरवर पाहता न्याय्य वाटे. प्रत्येक घरामागे दोन शिलिंग, दहा ते एकोणीस खिडक्या असल्यास एकूण सहा, आणि वीस किंवा त्यांहून अधिक असल्यास दहा शिलिंग, असा आरंभीचा दर होता. ज्यांना गरिबीमुळे स्थानिक पट्ट्याही भरता येत नसत, त्यांना सूट होती.

परंतु कर आला की त्यातून सुटण्याची युक्तीही आलीच. दहावी खिडकी बुजविली की चार शिलिंग वाचत. १७४७ साली दर बदलले, तेव्हा हा मोह अधिकच वाढला. दहा ते चौदा खिडक्यांच्या घराला दर खिडकीस सहा पेन्स, पंधरा ते एकोणीसला नऊ पेन्स आणि विसापासून पुढे एक शिलिंग, असा नवा हिशेब होता. आणि वरचा दर लागला की तो घरातील सर्वच खिडक्यांना लागे. बारा पेन्सांचा एक शिलिंग. म्हणजे नऊ खिडक्यांच्या घराला खिडक्यांपायी काहीच द्यावे लागत नसे. दहावी उघडली की एकदम पाच शिलिंग! पंधरावी खिडकी सव्वाचार शिलिंगांना पडे, तर विसावी पावणेसहा शिलिंगांना. साहजिकच गवंड्यांना काम मिळाले. २०१५ साली दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी श्रॉपशर परगण्यातील त्या काळच्या करनोंदी तपासल्या. त्यांत नऊ, चौदा आणि एकोणीस खिडक्यांच्या घरांची संख्या लक्षणीय रीतीने फुगलेली आढळली. कराची पायरी जेथे चढायची, तिच्या अलीकडेच लोक थांबले होते.

१७६६ साली सात खिडक्यांच्या घरांवरही हा बोजा आला. १७८४ साली धाकट्या पिटने चहावरील जबर जकात उतरविली आणि ती तूट खिडक्यांवर टाकली. चहा स्वस्त झाला, उजेड महागला. काही जागांना मात्र सवलत होती. दूधदुभत्याची आणि चीज ठेवण्याची खोली करमुक्त असे. तथापि ती तशी आहे हे दारावर किंवा खिडकीवर स्पष्ट लिहावे लागे. काही जुन्या शेतघरांवर ही अक्षरे आजही वाचावयास मिळतात.

या सगळ्यात गमतीचा भाग बराच असला, तरी त्याची दुसरी बाजू दुःखद आहे. श्रीमंताने दिवाणखान्याची एखादी खिडकी बंद केली, तर त्याचे फारसे बिघडत नसे. गरिबाची स्थिती तशी नव्हती. शहरांतील चाळवजा इमारतींत अनेक कुटुंबे एकेका खोलीत राहत. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती सारी इमारत म्हणजे एकच घर. त्यामुळे तिच्या खिडक्यांची संख्या मोठी आणि कर जबर. तो भरावयाचा मालकाने आणि अंधारात राहावयाचे भाडेकऱ्याने, अशी ही वाटणी होती. मालकांनी जिने, बोळ आणि खोल्या यांच्या खिडक्या बंद केल्या. १७८१ साली कार्लाइल गावात टायफस तापाची साथ आली. तेथील डॉक्टर जॉन हेशम यांनी तिचा माग काढला, तेव्हा सुमारे सहा दरिद्री कुटुंबांनी भरलेल्या एका घरापाशी ते पोचले. कर चुकविण्यासाठी त्या घराची बंद करता येण्याजोगी प्रत्येक खिडकी बंद केलेली होती. टायफस उवांमुळे पसरतो, हे १९०९ साली सिद्ध व्हावयाचे होते. तेव्हा खिडकी हेच रोगाचे मूळ, असे आज म्हणता येणार नाही. परंतु दाटी, अंधार आणि अस्वच्छता यांच्या आश्रयानेच तो फोफावतो, हे डॉक्टरांचे निरीक्षण खरेच होते.

ॲडम स्मिथने १७७६ साली या करातील अन्याय नेमका दाखविला होता. खेड्यातील दहा पौंड भाड्याच्या घराला लंडनमधील पाचशे पौंड भाड्याच्या घराहून अधिक खिडक्या असू शकतात, मग गरिबावर अधिक भार पडतो, असा त्याचा आक्षेप होता. तरीही कर टिकला. १८२५ साली सात व त्यांहून कमी खिडक्यांची घरे वगळण्यात आली. पुढे डॉक्टर, आरोग्यसुधारक आणि चार्ल्स डिकन्ससारखे लेखक यांनी हवा आणि उजेड यांवरील या कराविरुद्ध आवाज उठविला. काचेवरील वेगळा कर १८४५ मध्येच गेला होता. अखेर १८५१ च्या जुलैमध्ये, एकशे पंचावन्न वर्षांनी, खिडकी-कर संपला. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे तीन लाख काचांचा भव्य प्रदर्शन-महाल उभा होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. प्रत्येक आंधळी खिडकी कराचीच खूण नव्हे. अठराव्या शतकातील वास्तुकारांना दर्शनी भागाच्या समतोलाचे फार वेड होते. आत धुराडे किंवा आडवी भिंत येत असली, तर ते बाहेरून खोटी खिडकी काढून ओळ पुरी करीत. आतील विटा मूळ भिंतीच्याच आणि तिच्यात सांधलेल्या असतील, तर ती खिडकी जन्मांध समजावी. विटांचा रंग, माप वा चुना निराळा असेल, तर ती मागाहून बुजविली असण्याचा संभव अधिक. दिवसाढवळ्या लूट या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार या करातून निघाला, असेही हौसेने सांगितले जाते. पण तो छापील लेखनात दिसू लागतो, तो कर जाऊन कित्येक वर्षे लोटल्यावर.

खजिन्याला वाटले, आपण श्रीमंती मोजीत आहोत. लोकांनी त्याला फक्त खिडक्या मोजू दिल्या. ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट कमी होत जाते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम. ती गोष्ट उजेड असली, तर त्या नियमाची किंमत कोण भरतो, हे त्या विटांनी बुजलेल्या चौकटी आजही सांगत आहेत.