थंडीत गिटार का तडकते?

माझ्या गिटारला तडा गेला तो जर्मनीतल्या पहिल्याच हिवाळ्यात. ब्रिजपासून खाली, लाकडाच्या रेषेबरोबर सरळ, केसाएवढा बारीक. लाजेची गोष्ट अशी की लाकडातलं सेल्युलोज आणि पाणी यांचं नातं हाच माझ्या पीएचडीचा विषय! हीच गिटार रत्नागिरीच्या घरात सात पावसाळे काढून आली होती. बारावीनंतर बाबांनी घेऊन दिलेली. तड्याबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी चुकले कुठे, तर मी फोनवर हवामान बघत होते. बाहेर शून्य अंश, आर्द्रता ८० टक्के. म्हटलं, ही तर कोकणासारखीच दमट हवा, गिटारला सवय आहे. म्हणून ती हार्डकेसमधून काढून भिंतीवर टांगली. नेमकी हीटरच्या वर.

आता हा हिशोब बघा. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. २० अंशांच्या हवेत साधारण १७ ग्रॅम. बाहेरची ८० टक्केवाली हवा म्हणजे जेमतेम ४ ग्रॅम पाणी. तीच हवा घरात आली आणि हीटरने तापवली, की पाणी तेवढंच राहतं, पण मावण्याची जागा वाढते. ४ भागिले १७, म्हणजे २३ टक्के. बाहेर उणे १० असेल तर पूर्ण १०० टक्के दमट हवासुद्धा आत येऊन १४ टक्क्यांवर उतरते. फोनवर दिसणारा आकडा बाहेरच्या हवेचा असतो, गिटार राहते आतल्या हवेत. एवढी साधी गोष्ट मी रोज प्रयोगशाळेत वापरते आणि घरी विसरले.

लाकूड मेलेलं असलं तरी हवेशी पाण्याची देवाणघेवाण थांबवत नाही. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असतं, २५ टक्के आर्द्रतेत ५ ते ६ टक्केच. हे पाणी पेशींच्या भिंतींमध्ये, सेल्युलोजच्या धाग्यांमध्ये अडकलेलं असतं. ते गेलं की धागे एकमेकांच्या जवळ सरकतात. म्हणून लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतं. गिटारची पुढची फळी स्प्रूसची असेल, तर पाणी १ टक्क्याने कमी झाल्यावर ती रुंदीत अंदाजे ०.१५ टक्के आकसते. फळी ४० सेंटीमीटर रुंद आणि पाणी ६ टक्क्यांनी कमी, म्हणजे साडेतीन मिलिमीटर!

पण तिला आकसायला मोकळीक कुठे आहे? कडा बाजूंच्या पट्ट्यांना चिकटवलेल्या, आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या लावलेल्या. मग फळी आधी आत बसते, तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात, आणि शेवटी ती फाटते. (प्लायवूडच्या स्वस्त गिटारला हा त्रास बराच कमी. प्लायचे थर उलटसुलट रेषांचे असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात.)

तड्याआधी गिटार इशारा देते. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, धातूच्या फ्रेट तेवढ्याच राहतात आणि त्यांची टोकं बाहेर येतात. माझ्या बोटांना ती टोचत होती. मला वाटलं, थंडीने हातच फुटलेत.

तर हिवाळाभर गिटार ठेवायची असेल तर हार्डकेसमध्येच ठेवा, हीटर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. माळ्यावर किंवा तळघरात नको. आत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता हवी, त्यासाठी पाणी देणारी आणि शोषणारी अशी दुहेरी पाकिटं मिळतात. सोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं भिजवा आणि मापकासोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. माझा ६८ दाखवत होता, म्हणून आता मी त्यात सात मिळवून वाचते.

नुसत्या थंडीचा धोका वेगळा आहे. गिटार बर्फातून घरी आणली की हार्डकेस लगेच उघडू नका. चार-पाच तास तशीच राहू दे. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर जसे थेंब जमतात, तसेच थंड लाकडावरही जमू शकतात. शिवाय पॉलिश आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. जुन्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशवर अशाने कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात सगळं उलटं होतं. फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात, बुरशी येते. तेव्हा सिलिका जेल चालतं, पण मापक बघत बघत. बंद हार्डकेसमध्ये मूठभर ताजं जेल टाकून विसरलात, तर रत्नागिरीतसुद्धा जर्मनीचा हिवाळा तयार होईल.

माझी गिटार दुरुस्त झाली. कारागिराने आधी तीन आठवडे तिला फक्त दमट हवेत ठेवलं. तडा जवळजवळ आपोआप मिटला, मग गोंद आणि आतून लाकडाचे छोटे तुकडे लावले. या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवणार आहे. या वेळी तडाही दाखवेन म्हणते.